जारवाल्याचं अप्रायझल

सोमवारची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अ‍ॅडमिन असिस्टंट आहे, म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही ते माझं. इनवर्ड-आउटवर्ड, पेटी कॅश, कुरिअर, एसीची एएमसी (म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट), हजेरीच्या मशीनवर ज्यांचं बोट उठत नाही त्यांचं रडगाणं. दिवाळीनंतर अकाउंट्सची मुलगी सोडून गेली, तिची बिलं 'तात्पुरती' माझ्याकडे आली, आता पावसाळा लागला. साहेब लोकांची तत्काळ तिकिटंपण मीच काढते. एसीचं १० ला उघडतं, स्लीपरचं ११ ला, आणि २०२५ च्या जुलैपासून आधारचा ओटीपी लागतो, तो माझ्या मोबाईलवर येतो आणि नेमका त्याच सेकंदाला सरांचा फोन येतो, "झालं का?"

तर सरांशी पगारवाढीचं बोलायचं म्हणून रविवारी रात्री सगळी कामं कागदावर उतरवली. सतरा भरली. नवरा म्हणाला, प्रिंट काढून ने. मी म्हटलं प्रिंटर बंद आहे, टोनर मागवणं हे तेरावं काम.

सर कागद बघून म्हणाले, "अगं, प्रायोरिटी ठरव ना."

"ठरवते. यातलं कुठलं मागे टाकू?"

"मागे कुठलंच नको टाकूस."

मी पुढचं वाक्य जुळवतेय तेवढ्यात दार ढकलून पाणीवाला आत. खांद्यावर २० लिटरचा जार, खाली टपटप पाणी, थेट माझ्या कागदावर. एक ते सहा नंबरची कामं तिथेच वाहून गेली (फक्त कागदावरून).

"ताई, चलनवर सही. आणि साहेब बरे भेटले. लिफ्ट बंद असली की आपल्याला जारमागं पाच रुपये ज्यादा लागतील."

सर म्हणाले, बघू, पुढच्या महिन्यात बोलू. मला वाटलं, चला, याचीपण तीच गत. पण त्यानं जार खांद्यावरून उतरवलाच नाही! तसाच उभा. म्हणतो, "साहेब, तीन मजले. गुडघा ऐका." आणि खरंच पाय वाकवून दाखवला, आणि गुडघा वाजला, मी ऐकला, सरांनी ऐकला, कॉन्फरन्स कॉलवर जे कोण होते त्यांनीपण ऐकला असणार. मग म्हणे, "नायतर जार खालीच वॉचमनकडं ठेवतो, ताई वर आणतील."

ताई! मी!

सर लगेच, "नको नको, दिले पाच."

चाळीस सेकंद. मी मार्चपासून मागे लागलेय.

त्याचं काय चुकलं, २० किलो उचलून तीन मजले चढतो बिचारा, मिळायलाच हवेत. पण त्याचं ओझं खांद्यावर दिसतं, माझं एक्सेलमध्ये असतं आणि माझा गुडघा वाजत नाही, मान दुखते, तिचा आवाज येत नाही. बरं, एक दिवस मी सगळं खाली वॉचमनकडे ठेवून घरी गेले तर? नाही जाणार, ईएमआय आहे, आणि हे सरांना माझ्याआधी माहितीये.

जाताना तो म्हणाला, "ताई, सात रिकामे द्या, सहाच दिलेत." त्या सातव्या जारसाठी मी पॅन्ट्री पालथी घातली.

संध्याकाळी सरांचा मेसेज आला, लिफ्ट कधी बंद होती आणि किती जार वर आले त्याचं वेगळं रजिस्टर ठेव, रोज. अठरा. आणि ते रजिस्टर विकत आणायचं तर त्याचं व्हाउचरपण मीच करणार.