गोत्र वेगळं, म्हणून रक्ततपासणी नको?

पुतणीचं लग्न ठरलंय. साखरपुड्याआधी दोघांची थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घेऊ, असं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. त्यावर तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मोठ्या भावजींनी, तो सगळीकडे फिरणारा मेसेज टाकला: 'गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र. ते बापाकडून फक्त मुलाला मिळतं, म्हणून वंश मुलाचा. एका गोत्राचे सगळे आतून सारखे. गोत्र वेगळं असलं की आनुवंशिक आजार होत नाहीत.'

शेवटचं आधी घेते, कारण त्यात एका बाळाचा जीव गुंतलाय. बीटा थॅलेसेमियाचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. वायशी त्याचा काडीचा संबंध नाही. नवराबायको दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असेल, तर दर गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के, मग गोत्रं कुठलीही असोत. वाहक माणूस ठणठणीत दिसतो, हिमोग्लोबिन जरासं कमी एवढंच. मेजर झालेल्या लेकराला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आणि गोत्र वेगळं म्हणून आपल्याकडे मामाची मुलगी खुशाल करतात! आजीआजोबा एकच, सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक. ते चालतं, आणि ओळखपाळख नसलेला सगोत्र मुलगा चालत नाही.

वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, हे खरं आहे. तेवढं मान्य. पण २०२३ साली 'नेचर'मध्ये वायचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला, त्यात प्रथिनं बनवणारी जनुकं भरली १०६. माणसाची एकूण सुमारे २० हजार. मुलीलाही बापाची २३ गुणसूत्रं मिळतात, मुलाइतकीच. वायच्या जागी तिला बापाचं एक्स मिळतं आणि ते बापाला त्याच्या आईकडून आलेलं असतं. भावजी, आईंचं एक्स तुमच्या लेकीत आलंय, मुलात नाही. वंश कुणाचा म्हणायचा?

दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं. त्याचं वाय बदलतं का?

'सगळे सारखे' तर सोडाच. गुणसूत्रांच्या २३ जोड्यांतून एकेक निवडण्याचे प्रत्येक पालकाकडे ८३,८८,६०८ प्रकार असतात, तेही तुकड्यांची अदलाबदल न धरता. सख्खी भावंडंही म्हणूनच वेगळी निघतात.

मुलाच्या आईशी मी बोलले आहे, त्या तयार आहेत. शनिवारी सकाळी दोघांचं रक्त द्यायचंय.