दिवा मिळतो हो, बल्बचं काय?

डॅनिश आणि इटालियन जुने दिवे जमवणाऱ्याला लोक हमखास विचारतात, "केवढ्याला पडला?" खरं तर "लागतो का?" असं विचारायला हवं, आणि उत्तर ऐकायला जरा सवड काढून यायला हवं.

पॉल हेनिंगसेन या डॅनिश गृहस्थांनी उभं आयुष्य झगझगाटाशी भांडण्यात घालवलं. १९२० च्या दशकात त्यांनी तीन शेडचा दिवा केला. शेडची वळणं लॉगरिदमिक स्पायरलवर, म्हणजे शंखासारख्या उलगडत जाणाऱ्या वळणावर, बेतलेली. बल्बची तार बरोबर केंद्रात बसली की उजेड प्रत्येक शेडवर सर्वत्र सारख्याच कोनात पडतो आणि बल्ब डोळ्यांना टोचत नाही. पण बल्ब कंपन्यांना आकार बदलायची भारी खोड. शेवटी वैतागून १९५८ साली त्यांनी पीएच ५ (पीएच म्हणजे त्यांचीच आद्याक्षरं) काढला : मुख्य शेड ५० सेंटिमीटर, आत कुठलाही बल्ब लावा. पुढे २००९ पासून युरोपियन युनियनने तारेचे बल्ब बाजारातून उठवले, आधी १०० वॅटचे आणि सगळे दुधी, २०१२ पर्यंत ४० आणि २५ चेसुद्धा. हेनिंगसेन १९६७ मध्येच वारले होते. सुटले.

आपण अडकलो. पीएच ५ मध्ये बल्ब उलटा लटकतो. साध्या एलईडी बल्बचं अर्धं अंग प्लास्टिकचं, उजेड फक्त टोपीतून, म्हणजे खाली. वरच्या शेड कोऱ्या राहतात आणि आतल्या लाल-निळ्या भागांना कामच उरत नाही. इलाज एकच : दुधी काचेचा, चारी बाजूंना उजेड देणारा फिलामेंट एलईडी, २७०० केल्विन (म्हणजे पिवळसर उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, ८०० ते १००० ल्युमेन (उजेडाचं माप). दुकानदार "एकच आहे हो सगळं" म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडावं. आणि दिवा टेबलापासून ६० सेंटिमीटरवरच टांगावा. पाहुणे "फार खाली आलाय" म्हणतात, म्हणू द्यावं. वर घेतलात की बसलेल्याला खालून आतलं सगळं दिसतं, मग हेनिंगसेन यांनी केलं काय?

पण बल्ब नंतर. आधी वायर. जुनी वायर लांबून ठणठणीत दिसते. होल्डरजवळचा वीतभर तुकडा हलकेच वाकवून पाहा : वर्षानुवर्षं बल्बच्या आचेत भाजलेलं रबर कापडी वेष्टणातून भुगा होऊन गळायला लागतं. विक्रेत्याने "लावून पाहिलाय" असं सांगितलेलं असतं, ते खोटं नसतं. त्याच्याकडे तो पाच मिनिटं लागला होता. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि दिवा धातूचा असेल तर तीन तारांची. जुन्या दिव्यांत बऱ्याचदा अर्थिंग नसतंच. फेज होल्डरच्या तळाच्या जिभेला, न्यूट्रल आट्यांना. उलटं झालं तर बल्ब पेटतोच, फक्त बदलताना हाताला कळतं. युरोपातला दोन पिनांचा प्लग कसाही बसतो, म्हणून तिथे हा घोळ वर्षानुवर्षं लपतो. जर्मनीतून आलेल्या दिव्यात लाल तार दिसली तर आपल्या सवयीने तिला फेज समजू नये. जुन्या जर्मन पद्धतीत लाल म्हणजे अर्थ. आणि तो प्लग आपल्याकडच्या पाच अँपिअरच्या सॉकेटात जातो खरा, पण त्याच्या पिना बारीक, त्यामुळे ठिणग्या मारतो. प्लग बदलावा.

नवा होल्डर एम१०, म्हणजे १० मिलिमीटरच्या, आट्यांचा मागावा. अमेरिकन मापाचा त्याच्या इतका जवळचा असतो की पहिले दोन फेरे मजेत फिरतो, मग अडतो, मग माणूस जोर लावतो. पितळेचे आटे तेवढीच वाट पाहत असतात.

काचेच्या पीएच शेड तीन स्क्रूंवर बसतात. तिन्ही थोडे-थोडे, आळीपाळीने, फक्त बोटांनी आवळायचे. पक्कड दिसली की काचेच्या किनारीचे टवके उडतात, आणि वर्णनात "वयानुसार किरकोळ खुणा" असं जे लिहिलेलं असतं, ते बहुधा हेच.

इटालियनांची तऱ्हा वेगळी. जिनो सार्फात्तींच्या २०९७ क्रमांकाच्या झुंबराला ३० बल्ब (५० चंही आहे). २५ वॅटचे लावले तर ७५० वॅट, आणि छताखाली भट्टी. एलईडी लावले की जुना डिमर किमान भार मिळत नाही म्हणून लुकलुकायला लागतो. विको माजिस्त्रेत्तींच्या एक्लिसे या टेबलावरच्या दिव्यात आतली वाटी फिरवून उजेड झाकायचा असतो. तारेच्या बल्बवर ती वाटी बोट भाजायची. एलईडीने निखळ भलं केलेला हा एक दिवा. कोकूनच्या (तारेच्या सांगाड्यावर प्लास्टिक फवारून केलेल्या) शेड मात्र पिवळ्या पडल्या तरी धुऊ नयेत, कोरड्या मऊ ब्रशने झटकाव्यात. उत्साही गृहिणी आणि गृहस्थ दोघांनाही त्यांच्यापासून लांब ठेवावं.

राहिला आर्को, लांब कमानीचा जमिनीवर उभा राहणारा दिवा. कास्तिल्योनी बंधूंनी १९६२ मध्ये ६५ किलोचा संगमरवर त्याच्या तळाला बसवला आणि मध्ये भोक ठेवलं, झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायला. आधी कमान काढावी, मग उचलावं. दांडा लाकडीच घ्यावा. प्लास्टिकचा मधोमध वाकतो, आणि मग दगड कुणाच्या पायावर बसायचं ते विचारून बसत नाही.