चाकूवरचे दोन एक्स, दहा ठिपके आणि व्हिनेगरची बरणी

‘घरात जुना अमेरिकन चाकू आहे? फेकू नका, लाखोंचा असू शकतो!’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय आणि तिथून पुण्या-ठाण्यातल्या नातेवाइकांपर्यंत पोचलाय. केस आणि रेमिंग्टन या कंपन्यांचे खिशातले जुने चाकू ओळखायच्या सहा ‘खात्रीच्या’ युक्त्या त्यात आहेत. आमच्याच नात्यातल्या एकाने तो वाचून एस्टेट सेलमधून (मयत माणसाच्या घरातल्या वस्तूंच्या विक्रीतून) आणलेला केसचा चाकू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. सकाळी जे हातात आलं, त्यामुळे हे लिहावं लागतंय.

पहिली युक्ती: ‘पात्यावर दोन एक्स म्हणजे रोमन वीस, म्हणजे चाकू १९२० चा.’ काय बोलणार? पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावच्या केस कंपनीत पात्यांना पाणी देताना, म्हणजे तापवून टणक करताना, खूण म्हणून एक्स मारायचे, दोनदा प्रक्रिया झाली की दोन एक्स, असं कंपनीच सांगते. पुढे तीच कंपनीची निशाणी झाली. गेल्या महिन्यात कारखान्यातून निघालेल्या चाकूवरही ती असते.

दुसरी: ‘ठिपके मोजा, जितके जास्त तितका चाकू नवा.’ ठिपक्यांवरून वर्ष कळतं, एवढं नाइलाजाने मान्य. पण हिशोब बरोब्बर उलटा आहे. आणि यासाठी कुणा जाणकाराकडे जायचीही गरज नाही, केस कंपनीने आपल्या ठशांचा तक्ता स्वतःच प्रसिद्ध केलाय. पातं मुठीत जिथे शिरतं तिथल्या सपाट बुडावर हा ठसा असतो. १९४० ते १९६४ या काळात नुसतं ‘केस’ आणि खाली दोन एक्स. १९६५ पासून त्याखाली ‘यू.एस.ए.’. १९७० साली त्याच्याही खाली दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक ठिपका कमी होत १९७९ ला एकच उरला. १९८० ला पुन्हा दहा, पण या वेळी कंपनीच्या नावातला एस विजेसारखा वाकडातिकडा, टोकदार. म्हणजे साधा एस असेल तर १९८० मधून ठिपके वजा करा, वीजवाला एस असेल तर १९९० मधून. साधा एस आणि तीन ठिपके: १९७७. वीजवाला एस आणि तीन ठिपके: १९८७. मेसेजच्या हिशोबाने दहा ठिपक्यांचा १९७० चा चाकू एका ठिपक्याच्या १९७९ च्या चाकूपेक्षा नवा ठरतो!

मोजताना दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरका पाडा. समोरून प्रकाश टाकला की झिजलेला ठिपका दिसत नाही आणि चाकू एका वर्षाने ‘नवा’ होतो. ठसा सगळ्या पात्यांवर बघा. एका पात्यावर ठिपके आणि दुसऱ्यावर नुसतं ‘यू.एस.ए.’ असेल तर लगेच ‘नकली’ म्हणून ओरडू नका. ठसा मारून ठेवलेली जुनी पाती संपेपर्यंत वापरली जायची. संशय घ्यायचा तो बुडाच्या जाडीवर. जुना ठसा कानशीने काढून नवा मारला असेल तर बूड पातळ होतं. चाकू अर्धा उघडून उजेडासमोर धरला की बूड आणि बाजूची पितळी पट्टी यांच्यामध्ये फट दिसते. शेजारच्या पात्याशी ताडून पाहिलं की शंका उरत नाही.

तिसरी: ‘बुडाच्या मागच्या नंबरात पहिला आकडा ६ असेल तर मूठ हाडाचीच.’ नंबराची रीत खरी आहे. ६२५४ मध्ये ६ मुठीचा, २ पात्यांची संख्या आणि ५४ नमुन्याचा, ज्याला ट्रॅपर म्हणतात. पण ‘हाडाचीच’ हे चूक. हाडासारख्या खाचा पाडलेल्या डेल्रिन प्लास्टिकच्या मुठींनाही कंपनीने ६ हाच आकडा दिला. मुठीची कड भिंगाखाली धरा. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्यांचे काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, डेल्रिन एकसारखं गुळगुळीत असतं. आकडा ५ असेल तर मूठ शिंगाची. यातलं बरंच चांगलं शिंग आपल्याकडच्या सांबराचं असायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारतातून त्याची निर्यात बंद झाली. सांबर इथे संरक्षित प्राणी आहे, तेव्हा असा चाकू भारतात आणायच्या आधी कायदा बघा. मेसेजमध्ये याचं अवाक्षर नाही.

चौथ्या युक्तीपाशी डोकं खरंच तापतं. ‘सुई लाल तापवून मुठीला टोचा. हाड असेल तर केस जळल्यासारखा वास येईल, प्लास्टिक असेल तर वितळेल.’ १९२० ते १९४० च्या काळातल्या असंख्य चाकूंच्या रंगीत, मोत्यासारख्या, कासवाच्या पाठीसारख्या मुठी सेल्युलॉइडच्या आहेत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. नायट्रोसेल्युलोज बंदुकीच्या बिनधुराच्या दारूत असतं. त्याला लाल सुई लावायची, तीही चाकू हातात धरून! ते वितळत बसत नाही, भडकतं. आणि गंमत म्हणजे सेल्युलॉइड ओळखायला सुई लागतच नाही. मूठ अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात चोळून गरम करा आणि नाकाशी धरा. आरतीच्या तबकातला वास आला की उत्तर मिळालं.

अशी मूठ निघाली तर तो चाकू बाकीच्यांपासून लांब ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. पितळी पट्ट्यांवर हिरवट थर धरतो आणि शेजारच्या, कालपर्यंत ठणठणीत असलेल्या पात्यावर ताजा तांबडा गंज चढतो. मुठीत बारीक चौकोनी तडे आणि ढगाळपणा दिसला की हे सुरू झालंय असं समजा. त्यावर इलाज नाही. हवाबंद डब्यात वाफ कोंडते, त्यामुळे डबा नको. खेळती हवा हवी, ऊन नको.

आता पाचवी, जिने आमच्या घरात नुकसान केलं: ‘चाकू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी पितांबरीने घासा, नव्यासारखा होईल आणि किंमत दुप्पट.’

व्हिनेगर गंज काढतं का? काढतं. पण गंज संपला म्हणून ते थांबत नाही, खालचं चांगलं पोलाद खायला लागतं. या जुन्या चाकूंची पाती बहुतेक साध्या कार्बन पोलादाची. रात्रभरात पातं वरपासून खालपर्यंत एकसारखं राखाडी होतं, कारखान्यातल्या पॉलिशच्या बारीक रेषा जातात आणि ठसा उथळ होतो. ज्या ठिपक्यांवर सगळी भिस्त, तेच आधी पुसट होतात. आत काय होतं ते दिसतही नाही. पातं, मागची स्प्रिंग आणि पितळी पट्ट्या यांच्या सांध्यात शिरलेलं आम्ल वरून धुऊन निघत नाही, आणि पंधरा दिवसांनी सांध्यातून तपकिरी पाणी पाझरायला लागतं. हाडाच्या मुठीचं तर विचारूच नका. कोंबडीच्या तंगडीचं हाड चार दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून बघा, रबरासारखं वाकतं, कारण त्यातलं कॅल्शियम विरघळून जातं. मुठीचं हाडही हाडच आहे. रात्रभरात ते वाकत नाही, पण रंग उडून खडूसारखं पांढरट होतं आणि वाळताना खिळ्यांभोवती तडकतं.

पितांबरी समई आणि तांब्यासाठी छान आहे, तिथेच राहू द्या. जुन्या पात्यावरची निळसर-करडी झाक म्हणजे मळ नाही. ती पोलादाचं वय सांगते, थोडंफार रक्षणही करते, आणि संग्राहक तीच आधी शोधतो. काढायचा तो फक्त तांबडा, बोटाला लागणारा गंज. त्यावर मिनरल ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी १९८२ च्या आधीच्या एक सेंटच्या नाण्याची कड हलक्या हाताने फिरवा. ते नाणं जवळजवळ सगळं तांब्याचं असतं, पाणी दिलेल्या पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज खरवडतं पण पात्यावर ओरखडा पाडत नाही. अलीकडची नाणी आतून जस्ताची आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा, तो लगेच निघतो. मग सुती फडक्याने पुसा आणि सांध्यात तेलाचा एकेक थेंब सोडा. चामड्याच्या पाकिटात मात्र ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला चावतात.

सहावी युक्ती दोन ओळींत उरकते. ‘मुठीवर बंदुकीच्या काडतुसाचं चिन्ह असलेला रेमिंग्टन म्हणजे लाखो.’ रेमिंग्टनने असे चाकू १९२० ते १९४० दरम्यान केले हे खरं, पण १९८२ पासून आर ११२३ सारख्या जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या, आणि गॅरेज सेलमध्ये बहुतेकदा त्याच सापडतात. मूळ नंबरातला शेवटचा ३ म्हणजे हाड. तेव्हा अशा चाकूची मूठ भिंगाखाली प्लास्टिकची निघाली तर स्वप्नं आवरा. याच युक्तीला जोडून ‘मेड इन यू.एस.ए. नसेल तर नकली’ असंही ठोकून दिलंय. देशाचं नाव छापायची सक्ती १८९० च्या अमेरिकन कायद्याने आयात मालावर आणली, तिथल्या कारखान्यांवर नाही.

ज्यांनी आधीच बुडवलाय त्यांच्यासाठी: लगेच बाहेर काढा. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात चाकू वीसेक वेळा उघडबंद करा, म्हणजे सोडा सांध्यापर्यंत जाईल. मग साध्या पाण्याने धुवा, पुसा, आणि सांध्यातलं पाणी कॅमेरा साफ करायच्या फुंकणीने उडवा. हेअर ड्रायर नको, भिजलेलं हाड गरम हवेने तडकतं. तेल भरपूर घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला, आणि आठवडाभर रोज उघडून पाहा. तपकिरी पाणी दिसलं तर सोड्यापासून परत सुरुवात. पांढरी पडलेली मूठ रंगवू नका. विकायचा असेल तर व्हिनेगरमध्ये होता हे आधीच सांगा. घेणारा भिंग घेऊनच येतो.