निवतीच्या रापणीतला बांगडा

गेल्या डिसेंबरात वेंगुर्ले तालुक्यातील निवतीला आम्ही दोन दिवस राहिलो, आणि तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की मासेमारीच्या गावात जाऊन माशाचे नाव सांगून जेवण मागू नये. त्या दिवशी जाळ्यात जे लागले असेल, तेच आवडीने खावे.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणे चालू होते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकत येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून गावातली माणसे ते तासन् तास किनाऱ्याकडे ओढत राहतात. दोराला हात लावणाऱ्याला चार मासे देण्याची रीत आहे, म्हणून आम्हीही ओढू लागलो. जाळे गुडघाभर पाण्यात आले, तेव्हा आतले बांगडे, तारल्या आणि पेडवे इतके उसळत होते की पाणी तडतडल्यासारखा आवाज येत होता. वाळूवरच वाटे पडले आणि आमच्याही पिशवीत बांगडे आले.

राहत्या घरच्या काकींनी त्यांचे तिखले केले: लाल मिरचीचे वाटण, सोले (आमसुले) आणि ठेचलेली तिरफळे. बांगड्याच्या तेलकट चवीला तिरफळाचा तो झणका हवाच. सुरमईला त्याची गरजही नसते.

त्याच दुपारी आलेल्या दुसऱ्या कुटुंबाला मात्र सुरमईच हवी होती. "आज इसवण नाय, रापणीचो बांगडो आसा," असे काकींनी दोनदा सांगूनही ते ऐकेनात, तेव्हा काकींच्या मुलाला दुचाकीवरून बाजारात जाऊन बर्फातली सुरमई आणावी लागली. मला याचे फार वाईट वाटले. राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे थवेच्या थवे वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोताकडे मासे ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली, तरी आपल्या वाट्याच्या मासळीसाठी इथल्या पारंपरिक मच्छीमारांना आजही झगडावे लागते; आणि आपण त्यांच्याच दारात बसून, त्यांनी घाम गाळून ओढलेला मासा हलका ठरवतो. जून-जुलैत, यांत्रिक मासेमारी बंद असताना, पापलेटसाठी अडून बसणारेही मी पाहिले आहेत.

बांगड्याच्या थाळीचे आम्ही सुरमईच्या थाळीइतकेच पैसे दिले. काकी नको म्हणत होत्या, पण मासे साफ करण्यापासून वाटणापर्यंत त्यांची सगळी सकाळ त्यात गेली होती.