मागची पंगत

सिनेमातला आचारी म्हटलं की लोकांना आधी सुरी आठवते. खटाखट चिरलेला कांदा, पॅनमधून भडकलेली ज्वाळा, वरून चिमटीने भुरभुरलेलं कायतरी हिरवं. मला मात्र एकच उत्सुकता असते. हा माणूस स्वतः जेवणार कधी?

आमच्याकडे मागच्या पंगतीला आई आणि काकू असायच्या. सगळ्यांची पानं उठली की भरल्या वांग्याच्या कढईत भात टाकायचा, बुडाचा मसाला त्याला पुसून घ्यायचा आणि ओट्याशीच बसून खायचं. मी त्यातला घास मागायला जायचो, कारण तो पानात वाढलेल्या वांग्यापेक्षा भारी लागायचा. ती कढई डोक्यात बसली ती बसलीच. पडद्यावर कुणी रांधताना दिसलं की मी तीच शोधतो.

'बॅबेट्स फीस्ट' (१९८७) हा डॅनिश सिनेमा मी त्यासाठीच तीनदा पाहिलाय. पॅरिस कम्यूनच्या उठावातल्या रक्तपातात नवरा आणि मुलगा गमावलेली बॅबेट जटलंडच्या किनाऱ्यावर दोन धर्मभोळ्या बहिणींच्या घरी आसऱ्याला येते. चौदा वर्षं त्यांना सुकवलेला मासा आणि पावाची पेज रांधून घालते. मग लॉटरीत दहा हजार फ्रँक लागतात आणि ती ते सगळेच्या सगळे एका रात्रीच्या बारा पानांवर उधळते. कासवाचं सूप काय, पेस्ट्रीच्या पेटीत निजवलेले लावे काय! गावकऱ्यांनी मात्र हे पाप समजून आधीच शपथ घेतलेली, की जेवणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पाहुणा म्हणून आलेला एकटा जनरल ओळखतो, कारण पॅरिसच्या कॅफे आंग्लेमध्ये त्याने लाव्यांचा हाच पदार्थ खाल्लेला असतो आणि तिथली मुख्य शेफ एक बाई होती हेही त्याला माहीत असतं. ती बाई भिंतीपलीकडे उभी आहे हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळत नाही. कलावंत कधी गरीब नसतो, असं बॅबेट शेवटी म्हणते आणि लोक तेच वाक्य सांगत फिरतात. माझ्या लक्षात राहते ती त्याआधीची बॅबेट. खरकट्या भांड्यांच्या पसाऱ्यात बसलेली, थकलेली, गप्प.

दिग्दर्शक अँग लीच्या 'ईट ड्रिंक मॅन वुमन'मधले (१९९४) चू गुरुजी तर आणखी वेगळे. तैपेईतले नामांकित शेफ, विधुर, घरात तीन मुली. दर रविवारी ते इतकं जेवण मांडतात की मुलींना दडपण यावं. सुरुवातीची काही मिनिटं नुसते हात दिसतात, मासा साफ होतो, पीठ मळलं जातं, संवाद जवळपास नाहीच. आणि मग कळतं, या माणसाच्या जिभेची चव गेलीय! त्यांच्यासाठी चव बघतो तो त्यांचा जुना मित्र, वेन. पण मी या सिनेमावर जीव टाकतो तो एका डब्यासाठी. शेजारच्या बाईच्या हाताला अजिबात चव नाही, म्हणून चू तिच्या छोट्या मुलीला शाळेत पंचपक्वान्नांचा डबा नेऊन देतात. आणि आईने दिलेला तो बेचव डबा? तो स्वतः खातात. एवढा मोठा बल्लव, आणि मागच्या पंगतीला पहिलीतल्या पोरीचा डबा संपवतोय! चव गेलेल्या माणसाला काय फरक पडतो म्हणा. पण पडतो, आणि तो कसा ते सिनेमातच बघा.

आपल्याकडे 'बावर्ची'च्या (१९७२) रघूचं नाव पहिलं निघतं. राजेश खन्नाबद्दल माझी तक्रार नाही, पण रघू मला कधी आचारी वाटलाच नाही. तो भांडकुदळ घराची डागडुजी करायला आलेला मिस्तरी आहे, हातात झारा आहे एवढंच. त्याने रांधलेले दोन पदार्थ पटकन सांगा बघू!

'द लंचबॉक्स'मधल्या (२०१३) इलाला कुणी शेफ म्हणणार नाही, मी म्हणतो. नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून भलत्याच माणसाकडे जातो आणि चाटूनपुसून रिकामा परत येतो, तेव्हा ती तो उघडून ज्या तोंडाने बघते ना, तिथे मला माझी कढई सापडते. वरच्या मजल्यावरून दोरीने मसाल्याची टोपली सोडणाऱ्या देशपांडे काकू तर अख्ख्या सिनेमात दिसत नाहीत. भारती आचरेकरांचा नुसता आवाज, तरी त्यांच्या हातच्या फोडणीचा वास येतो.

'रॅटाटुई'मधला (२००७) उंदीर रेमी उलट्या टोकाचा. तो आधी खवय्या आहे, आचारी नंतर. छपरावर वीज पडून भाजलेलं मशरूम आणि चीज तोंडात टाकल्यावर त्याचा चेहरा बघा. समीक्षक इगोला लहानपणात नेणाऱ्या त्या घासावर सगळे रडतात, रडा. माझा घास छपरावरचा.

आणि 'बिग नाइट' (१९९६). न्यू जर्सीत हॉटेल चालवणारे दोन इटालियन भाऊ. थोरला प्रिमो हट्टी. गिऱ्हाईक रिसोट्टोसोबत, म्हणजे इटालियन भातासोबत, स्पघेटी मागतं तेव्हा त्याचं डोकं फिरतं. बरोबरच आहे, मसालेभाताबरोबर कुणी साबुदाण्याची खिचडी मागितली तर? गायक लुई प्रिमा येणार म्हणून दोघे सगळी पुंजी एका मेजवानीत ओततात. तो येत नाही. भाऊ समुद्रकिनाऱ्यावर जाऊन एकमेकांना नको ते बोलतात. सकाळी धाकटा सेकोंडो काही न बोलता ऑम्लेट करतो. कॅमेरा जागचा हलत नाही. एक वाटा पोऱ्याला, एक स्वतःला, उरलेला पॅनमध्येच. थोड्या वेळाने प्रिमो येतो, सेकोंडो उठून तो वाटा त्याच्या पानात वाढतो, आणि दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून खात बसतात. एवढंच.

हा प्रसंग मी आईला मोबाइलवर दाखवला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "पोरं गुणाची आहेत रे. पण रात्रीची एवढी भांडी पडलीयत, ती घासणार कोण?"