कुरडयांच्या धोतरावरची काजळी

एप्रिलमध्ये इंदूरला होते. आईने गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी तिचा आवाज जिन्यापर्यंत आला, "बघ गं, नरवाई आली!" माळव्यात गहू निघाला की खुंट जाळतात, त्या खुंटांनाच आमच्याकडे नरवाई म्हणतात. तिची काळी तुसं वाऱ्याबरोबर शहरात येतात. बोटाने उचलायला जावं तर चुरा होतो आणि कुरडईवर रेघ उमटते. म्हणून आई फुंकर मारते, पुसत नाही.

रात्री जेवताना शहरातले तलाव कशाने घाण होतात, हा गणपतीपासूनचा वाद पुन्हा निघाला. काकांचं म्हणणं, मूर्ती कुंडात जातात, शहर स्वच्छतेत नंबर वन, सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, गेले, आता तलावाला आणखी काय हवं? मावशी म्हणते, आधी नाले बघा. दोघंही काठाचंच बोलतात. वरून काय पडतं हे कुणी विचारत नाही.

मी राहते कॅनडात, थंडर बेला, सुपिरिअर सरोवराच्या काठी. त्या सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर सिस्किविट नावाचं तळं आहे. ते सरोवरापेक्षा उंचावर आहे, म्हणजे सरोवराचं पाणी तिथे चढणार नाही. कारखानाही नाही. तरी तिथल्या माशांत पीसीबी ही कारखान्यांतली विषारी रसायनं आणि टॉक्साफीन हे कीटकनाशक सापडलं. टॉक्साफीन तर अमेरिकेच्या दक्षिणेत कापसावर फवारायचे! ते हवेतूनच आलं.

1990 पासून अमेरिका आणि कॅनडा मिळून सुपिरिअरसकट तिथल्या पाचही महासरोवरांवर हवेतून काय पडतं याचा हिशेब ठेवतात. दर 12 दिवसांनी एक अख्खा दिवस हवा गाळून घेतात, पावसाचं पाणी वेगळं साठवतात. कोरडी धूळ किती बसते याचं गणित सोपं: हवेतलं प्रमाण गुणिले खाली बसण्याचा वेग. हा वेग मात्र सेकंदाला 0.2 सेंटिमीटर असा धरून चालतात. वाऱ्याच्या दिवशी तो तेवढाच राहील थोडाच? शिवाय वायुरूपातलं रसायन पाण्यात विरतं तसं पाण्यातून परतही उडतं. पीसीबीवर बंदी आल्यावर सरोवरंच ती हवेत परत सोडू लागली. म्हणजे जमेबरोबर खर्चही मांडावा लागतो, आणि एकट्या सुपिरिअरच्या 82,000 चौरस किलोमीटरचा अंदाज मोजक्या ठिकाणांवरून बांधावा लागतो.

तिकडचं सगळं शहाणपणाचं, असं सांगायला मी आलेले नाही. विष आधी सोडलं, मग मोजायला बसले; कुठला मासा महिन्यात किती वेळा खावा याचा सरकारी सल्ला आम्ही अजून वाचतो. सिरपूरसारख्या लहान तलावात नाल्याचा वाटा आभाळापेक्षा मोठा असणार, मावशीचं चुकत नाही. पण नरवाई, दिवाळीचे फटाके, पहिला पाऊस असं वर्षभर काठावर एक स्वच्छ परात आणि पावसाचं भांडं ठेवलं, तर वाद तरी आकड्यांवर होईल.

हे मी जेवताना सांगितलं. ठरावीक मापाचं पांढरं कापड, ठरावीक तास, पडलेली काजळी वजन करायची. तुझं धोतर म्हणजे जवळजवळ तेच यंत्र, असंही म्हटलं.

आई ताट उचलत म्हणाली, "धोतर ने हवं तर. पण कुरडया वाळल्यावर."