खाण बिटकॉइनची, कमाई विजेची

मे महिन्यात आमचा लक्ष्मीनगरचा कट्टा रात्री साडेनऊशिवाय भरत नाही. परवा बाल्या आल्या आल्या म्हणाला, "रायट प्लॅटफॉर्म्सचे शेअर घेऊन राहिलो. अमेरिकेतली बिटकॉइन खोदणारी, म्हणजे मायनिंग कंपनी. बिटकॉइनच्या नफ्यावर तीस टक्के टॅक्स. मायनिंग कंपनीचा शेअर म्हणजे साधा शेअर. बिटकॉइन चढलं का हाही चढते."

"टॅक्सपुरतं बरोबर आहे," आमचा सीए म्हणाला. "पुढचं नाही."

कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी करणारा इंजिनिअर भाऊ तोवर गप्प होता. त्यानं चहा खाली ठेवला. "आधी धंदा समजून घे ना बे. मशीन एक कोडं सोडवायची शर्यत लावतात. जिंकणाऱ्याला व्यवहारांच्या वहीत नवं पान, म्हणजे ब्लॉक, जोडता येते. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक. एप्रिल २०२४ पासून त्याचं बक्षीस सव्वासहावरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला साडेचारशेच्या आसपास. साऱ्यांनी मिळून मशीन दुप्पट लावल्या, तर दर २०१६ ब्लॉकनंतर होणाऱ्या बदलात कोडंही दुप्पट कठीण होते. पंगतीत माणसं वाढली, पण भाताचं पातेलं तेवढंच."

"मग कमाई कायची?"

"विजेची. टेक्सासात रॉकडेलला यायची ७०० मेगावॉटची जागा हाय. आमच्या कोराडीचा एक नवा संच ६६० चा. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथं उन्हाळ्यानं ग्रिडवर ताण आला, तवा यायनं मशीन बंद ठेवल्या. त्या महिन्यात वीज सवलतीतून ३ कोटी १७ लाख डॉलर मिळाले. खोदलेले ३३३ बिटकॉइन नव्वद लाख डॉलरच्या आसपासचेच होते."

बाल्या खूश. "म्हणजे दोन्हीकडून पैसा!"

मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही. स्वस्त विजेचे करार आधीच करून ठेवायचे आणि लोक उकाड्यात असताना ती न वापरण्याचे पैसे घ्यायचे, हे कायद्यात बसत असेल, पण मला पटत नाही. इंजिनिअर भाऊ म्हणाला, गरजेच्या वेळी भार उतरवणारा ग्राहक ग्रिडला लागतोच. यावर आमचं बरंच वाजलं. मी माझं म्हणणं सोडलं नाही, त्यानंही नाही.

सीएनं गाडी परत शेअरवर आणली. "मशीन दोन-चार वर्षांत जुन्या होतात. नव्यांना पैसा कुठून? नवे शेअर छापून, नाहीतर कर्ज काढून. मारा या दुसऱ्या मायनिंग कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये शून्य टक्के व्याजाचे १०० कोटी डॉलरचे रोखे विकले. बिनव्याजी पैसा कोणी फुकट देत नाही, ते रोखे शेअरमध्ये बदलता येतात. मग तुझा वाटा पातळ. कोअर सायंटिफिक या आणखी एका मायनिंग कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. भाव पडला, वीज महागली आणि डोक्यावर कर्ज. जानेवारी २०२४ ला बाहेर आली, आणि जूनमध्ये एआयसाठी संगणक भाड्यानं देणाऱ्या कोअरवीव्ह कंपनीशी एआयच्या कामासाठी २०० मेगावॉटचा बारा वर्षांचा करार केला. तिची खरी ठेव काय होती? मशीन नाही, वीजजोडणी."

वाटा पातळ होण्याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कंपनीकडे बिटकॉइन किती, यापेक्षा एका शेअरमागे किती आणि तो आकडा दरवर्षी वाढतो की घटतो, हे पाहायला हवं. भाव चढला तरी कधी कधी शेअरवाल्याच्या हाती फारसं येत नाही, याचं एक कारण तिथं सापडतं.

"शेअर किती हायेत, हे कुठं दिसते?" बाल्यानं विचारलं.

"वार्षिक अहवालात. तीन वर्षांचे अहवाल उघड."

टपरीवाल्यानं दिवा मालवला, तरी बाल्या मोबाईलच्या उजेडात पानं सरकवत बसला होता.